मोबाईल सगळ्यांच्या हातात, मग आपल्या मोहल्ल्याची बातमी कोण लिहिणार?

मराठीच्या पेपरात उपयोजित लेखनाचा भाग असतो, त्यात बातमीलेखन येतं. पोरं वर्षानुवर्षं एकच बातमी लिहितात. शाळेत वृक्षारोपण, प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते, कार्यक्रम उत्साहात संपन्न. मार्क मिळतात, म्हणून कोणाची तक्रार नसते. यंदा मी नववीच्या वर्गाला सांगितलं, वृक्षारोपण नको. तुमच्या गल्लीत काल-परवा काय झालं ते लिहून आणा, आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असेल तेवढंच लिहा.

दुसऱ्या दिवशी वह्या तपासायला घेतल्या. निम्म्याहून जास्त पोरांनी फोनवर पाहिलेलं लिहिलं होतं. कुठल्या तरी राज्यात बुलडोझर चालला, कुठल्या नेत्यानं कुणाला काय सुनावलं, गाझामध्ये काय झालं. एक मुलगा तर शाळा सुटल्यावर वडिलांचा फोन घेऊन गेटवर थांबला होता. "सर, ये अपने इधर काच है, मामूने भेजा." व्हिडिओत मशिदीसमोर गर्दी, आरडाओरडा, पळापळ. मागं एक दुकान दिसत होतं आणि त्या दुकानाची पाटी बंगालीत होती. आमच्या भवानीनगरात, साखर कारखान्याच्या गावात, बंगाली पाटी कुठून येणार? हा प्रश्न त्या पोराला पडला नव्हता. मामूलाही पडला नव्हता, आणि मामू ज्या ग्रुपमध्ये आहेत तिथल्या कोणालाच पडला नव्हता.

एका मुलीनं मात्र मी मागितलं होतं तेच लिहून आणलं. आमच्या गल्लीतल्या हापशाची दांडी ११ दिवसांपासून मोडलेली आहे. काल सकाळी सात ते आठ या वेळेत मी मोजलं, १४ बायका घागरी घेऊन पलीकडच्या गल्लीत पाण्याला गेल्या. त्यात माझी आजी होती. एवढंच. सहा ओळी. जागा आहे, दिवस आहेत, आकडा आहे, आणि पाहणारी स्वतः तिथं उभी आहे. मी तिला म्हटलं, याला एक फोटो जोड, आपण ग्रामपंचायतीला अर्ज देऊ आणि गावच्या ग्रुपवरही टाकू. संध्याकाळी तिचे वडील घरी आले. चांगले, सरळ माणूस. चहा घेतला, मग हळूच म्हणाले, "सर, लिहिलंय ते खरंय. पण तिचं नाव नको. अपने को कायको झमेला."

त्या दिवसापासून मामू आणि हे वडील, दोघेही माझ्या डोक्यात आहेत. एकानं न पाहिलेलं सगळ्यांना पाठवलं. दुसरा रोज पाहतो त्याला नाव द्यायला तयार नाही. आणि आपल्याकडं सभांमध्ये सांगितलं जातं की मोबाईलमुळं आता प्रत्येक नागरिक पत्रकार झाला आहे!

तसं म्हणणाऱ्यांचं अगदीच चुकत नाही. पुरावा लांब शोधायला नको. इथून इंदापूरच्या रस्त्याला लागलं की अंथुर्णे लागतं. ७ मे २०२४ ला बारामती लोकसभेचं मतदान होतं, सुप्रिया सुळे विरुद्ध सुनेत्रा पवार. त्या दिवशी अंथुर्ण्यात इंदापूरचे आमदार दत्तात्रय भरणे एका माणसाला शिवीगाळ करताना मोबाईलवर टिपले गेले. आमदार रोहित पवारांनी तो व्हिडिओ 'एक्स'वर टाकला आणि दुपारपर्यंत देशभरच्या वाहिन्यांवर अंथुर्ण्याचं नाव झळकलं. गुन्हाही नोंदवला गेला. भरणे यांनी माध्यमांसमोर आपली बाजू मांडली. कोण बरोबर, कोण चूक, तो वाद इथं घ्यायचा नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते असं की एरवी अंथुर्ण्याच्या मतदान केंद्रावर काय झालं हे बारामतीलासुद्धा दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कळलं असतं, तेही जागा उरली असती तर.

गंमत पुढं आहे. जुलै २०२५ मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेच्या सभागृहात बसून मोबाईलवर रमी खेळत असल्याचा व्हिडिओ बाहेर आला. तोही रोहित पवारांनीच टाकला. आपण खेळत नव्हतो, स्क्रीनवर आलेला खेळ बंद करत होतो, असा कोकाट्यांचा खुलासा. महिना संपायच्या आत त्यांचं कृषी खातं गेलं, क्रीडा खातं आलं, आणि कृषी खातं मिळालं दत्तात्रय भरणे यांना! म्हणजे एका मोबाईलनं ज्यांना अडचणीत आणलं, दुसऱ्या मोबाईलनं त्यांच्या पदरात कृषी खातं टाकलं. आमच्या तालुक्यात पारावर हा किस्सा अजून चघळला जातो.

या दोन्ही व्हिडिओंचा जोर कशात होता? जागा कळत होती, दिवस कळत होता, माणूस ओळखू येत होता, आणि ज्याच्यावर आरोप झाला त्याला उत्तर देणं भाग पडलं. पण एक गोष्ट खटकते. चित्रीकरण करणारा कोण, हे दोन्ही वेळा लोकांपुढं आलं नाही. लोकांच्या लक्षात राहिलं ते टाकणाऱ्या नेत्याचं नाव. साध्या माणसानं टिपलेलं दृश्य नेत्याच्या खात्यावरून गेलं तरच ती बातमी होते, आणि ते कधी टाकायचं, किती कापून टाकायचं, हेही नेताच ठरवतो. हापशाच्या दांडीत कोणत्याच नेत्याचा फायदा नसतो, म्हणून ती व्हायरल होत नाही.

मधली जागा भरून काढायला गावोगावी यूट्यूब चॅनेल निघालेत. हातात लोगो लावलेला माईक, गाडीवर 'प्रेस'. सगळेच वाईट नाहीत. ऊसदराच्या आंदोलनात, नीरा डाव्या कालव्याच्या आवर्तनाच्या प्रश्नावर यांतली काही पोरं उन्हातान्हात उभी राहतात, ते मी पाहिलंय. पण निवडणूक लागली की 'पॅकेज' हा शब्द ऐकू येतो. ही खोड त्यांनी शोधलेली नाही म्हणा. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एकाच नेत्याची स्तुती करणारा अगदी तोच मजकूर वेगवेगळ्या मराठी दैनिकांत वेगवेगळ्या नावांखाली छापून आला होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उघडकीस आणलं तेव्हा 'पेड न्यूज' हा शब्द घराघरात पोचला. मोठ्यांनी वाट पाडली, लहान तिच्यावरून चालले.

आता आपल्या घरातलं बोलू. मुसलमान घरांसाठी हा विषय माध्यमांच्या भवितव्याचा नंतर आहे, आधी पोरांच्या सुरक्षिततेचा आहे. १ ऑगस्ट २०२५, जुम्याचा दिवस. दौंड तालुक्यातल्या यवतमध्ये एका तरुणाच्या समाजमाध्यमावरच्या पोस्टवरून जमाव रस्त्यावर आला. तोडफोड झाली, जाळपोळ झाली, पोलिसांना अश्रुधुराच्या नळकांड्या फोडाव्या लागल्या. यवत म्हणजे काही परका मुलूख नाही, आमच्या कितीतरी घरांच्या सोयरिकी त्या पट्ट्यात आहेत. त्याआधी जून २०२३ मध्ये कोल्हापूर पेटलं ते स्टेटसवरून. त्याच वर्षी १० सप्टेंबरला साताऱ्याच्या खटाव तालुक्यात पुसेसावळीला इन्स्टाग्रामवरच्या मजकुराचं निमित्त झालं, जमाव मशिदीवर चालून गेला आणि एका तरुणाचा जीव गेला.

कायदा हातात घेणारा जमाव गुन्हेगार आहे. पोस्ट कितीही वाईट असली तरी दुसऱ्याचं दुकान जाळायचा हक्क तिच्यातून निघत नाही. हे ठामपणे सांगायलाच हवं. पण बाप म्हणून, शिक्षक म्हणून मला आणखीही काही विचारायचंय. सतरा वर्षांचं पोर रात्री अकराला, अंथरुणात पडल्या पडल्या, कुठल्या तरी राज्यातल्या घटनेवर स्टेटस ठेवतं. त्यानं ती घटना पाहिलेली नसते, तिथलं कोणी त्याच्या ओळखीचं नसतं, त्या स्टेटसमुळं तिथल्या पीडिताला पैशाचाही फायदा होत नाही. सकाळी मात्र त्याच्या बापाच्या टपरीसमोर लोक जमलेले असतात. याला आवाज उठवणं म्हणायचं का?

अफवा दुसऱ्यांच्याच घरात जन्मते असंही नाही. १७ मार्च २०२५ ला नागपुरात आयती लिहिलेली चादर जाळली अशी बातमी मोबाईलवर फिरली, त्यानंतर दगडफेक, जाळपोळ, संचारबंदी. ती अफवा होती असं नंतर सरकारनं विधानसभेत सांगितलं. त्या दंगलीत एका मुसलमानाचाच जीव गेला, आणि अटकेत गेली तीही बरीचशी आपलीच पोरं. खबर आली की आधी तहकीक करा, हे आपण जुम्याच्या बयानात किती वेळा ऐकलंय. आणि मशिदीच्या पायऱ्या उतरताना खिशातून फोन काढून पहिलं काम काय करतो, तेही आपल्याला ठाऊक आहे. रावी कोण, त्यानं कुणाकडून ऐकलं, तो भरवशाचा आहे का, हे तपासायचं आख्खं शास्त्र ज्या समाजानं उभं केलं, त्याच समाजाच्या ग्रुपवर 'जैसा आया वैसा भेजा' लिहिलेलं वाचलं की जीव तुटतो.

अफवेला धर्म लागत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. बिचारे सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत तिकडं गेले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पाच माणसं मेल्यावर पाचची मर्यादा, असं माझ्या एका विद्यार्थ्यानं वहीत लिहिलं होतं. मी त्यावर काही शेरा मारला नाही.

तेव्हा स्टेटस न ठेवणं, फॉरवर्ड न करणं, हे बरोबरच. पण तिथं थांबलो तर आपण त्या मुलीच्या वडिलांपाशी येऊन थांबतो. गप्प बसा, झमेला नको. या गप्प बसण्याचीही किंमत असते. २ जून २०१४ ला हडपसरला आपला एक तरुण संगणक अभियंता नमाज पढून घरी जाताना मारला गेला. ज्या फेसबुक पोस्टवरून पुणे तापलं होतं तिच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. भर वस्तीत झालेला खून. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयातून सगळे आरोपी पुराव्याअभावी सुटले. पोलीस तपासावर बोलायला पुष्कळ आहे. तरीपण मला राहून राहून वाटतं, त्या रस्त्यावर त्या रात्री किती डोळे असतील, किती खिशांत मोबाईल असतील. कोर्टापुढं शेवटपर्यंत टिकणारी गवाही किती जणांनी दिली?

याच्या उलट उदाहरणही आपल्याच राज्यातलं आहे. मार्च-एप्रिल २०२० मध्ये तबलीगी जमातीवरून वाहिन्यांनी काय रान उठवलं होतं ते कोणी विसरलेलं नाही. भाजीवाल्याला नाव विचारून हाकललं जात होतं. २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं परदेशी जमातवाल्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि माध्यमांनी त्यांच्याविरुद्ध मोठा प्रचार केला, त्यांना बळीचा बकरा केलं, असं निकालपत्रात स्पष्ट नोंदवलं. हा निकाल आपल्या हजार संतापलेल्या व्हिडिओंनी आलेला नाही. कोण कधी आलं, व्हिसा कुठला, कोणत्या मशिदीत राहिलं, तपासणीचा अहवाल काय, अशा साध्या कागदांवर न्यायमूर्तींनी तो दिला. तो निकाल वाहिन्यांनी किती दाखवला, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

वर्तमानपत्रांत आपण दोनच वेळा येतो, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. एकदा तणावात, एकदा सलोख्यात. तुकोबांची पालखी या रस्त्यानं जाते, आपली पोरं वारकऱ्यांना पाणी, चहा, केळी देतात, दुसऱ्या दिवशी 'एकतेचे दर्शन' म्हणून फोटो येतो. छान वाटतं, मी कात्रण काढून ठेवतो. पण वर्षाचे उरलेले दिवस आपण कुठं असतो? उर्दू शाळेत शिक्षकाची जागा रिकामी असते, कब्रस्तानाच्या वाटेवर चिखल असतो, वक्फची जमीन कोणाच्या तरी ताब्यात असते, रेशनच्या यंत्रावर म्हाताऱ्या माणसाचा अंगठा उमटत नाही म्हणून त्याला तीनदा यावं लागतं. यातल्या निम्म्या गोष्टी शेजारच्या मराठा, धनगर, बौद्ध घरांच्याही आहेत. त्या कोणीतरी बाहेरून येऊन लिहील याची वाट बघत बसलो तर नातवंडंही वाटच बघतील.

हे दलित आणि बहुजन समाजानं फार आधी ओळखलं. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढलं. त्याच्याही आधी, १९१० पासून, सत्यशोधक मुकुंदराव पाटलांनी 'दीनमित्र' चालवला, तोही अहमदनगर जिल्ह्यात नेवासा तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून. खेड्यात छापखाना, खेड्यातल्या बातम्या, आणि असं अर्धशतकाहून जास्त काळ. आज आपल्या खिशातल्या यंत्राच्या तुलनेत त्यांच्या हातात काय होतं? खिळे जुळवायचे, शाई लावायची, टपालानं अंक पाठवायचे. उर्दूतही मोठी परंपरा आहे. 'दिल्ली उर्दू अखबार'चे मौलवी मुहंमद बाकर यांना १८५७ मध्ये इंग्रजांनी ठार केलं, मौलाना आझादांनी १९१२ मध्ये 'अल-हिलाल' काढलं. पण खरं सांगू का, आपण उर्दूत लिहिलेलं शेजारी वाचू शकत नाही. हापशाची बातमी मराठीतच लिहावी लागेल, कारण ग्रामसेवक मराठी वाचतो.

भीती खोटी नाही, हे मला मान्य आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांची बातमी छापून आली त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीला गाडीनं उडवलं, दुसऱ्या दिवशी ते गेले. ज्याच्याबद्दल बातमी होती त्यालाच अटक झाली. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रानं २०१७ मध्ये कायदा केलाय, पण तो माध्यमसंस्थांत काम करणाऱ्यांसाठी आहे, गल्लीतल्या मोबाईलवाल्याला त्याचं कवच नाही. खोट्या बातम्या उघड्या पाडणाऱ्या 'ऑल्ट न्यूज'च्या मोहम्मद झुबैर यांना जून २०२२ मध्ये एका जुन्या ट्वीटवरून अटक झाली, सुटकेसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. सरकारबद्दलचं खरं-खोटं सरकारी कक्षानंच ठरवायचं, असाही एक नियम केंद्रानं आणला होता. मुंबई उच्च न्यायालयानं तो सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवून रद्द केला.

पण भीतीपोटी ज्या गोष्टींना आपण घाबरतो त्यांतल्या काही मुळात तशा नाहीत. ग्रुपचा ॲडमिन आहे म्हणून दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुराचा गुन्हा आपोआप त्याच्या डोक्यावर येत नाही, त्याचा त्यात हात असल्याचं दाखवावं लागतं. नागपूर खंडपीठानं हे २०२१ मध्येच सांगितलंय. उलट ज्याला पोरं चेष्टा समजतात ते गंभीर आहे. समाजात वैर वाढवणं, धार्मिक भावना दुखावणं, अफवा पसरवणं, यांना भारतीय न्याय संहितेत अनुक्रमे कलम १९६, २९९ आणि ३५३ आहेत, आणि 'मी फक्त फॉरवर्ड केलं' हे काही हमखास वाचवणारं उत्तर नाही. मोडका हापसा दाखवणं यातल्या कशातच बसत नाही. ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हायला हव्यात, तिथं उभं राहून विचारणं हा प्रत्येक मतदाराचा हक्क आहे. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.

व्हिडिओ काढावा लागलाच तर एवढं सांभाळा. सुरुवातीला जागा, तारीख, वेळ तोंडानं बोला. मूळ फाईल ज्या फोनवर काढली त्यातच ठेवा, पुसू नका, वर गाणं चढवू नका. व्हॉट्सॲपवरून गेलेल्या प्रतीत मूळ नोंदी राहत नाहीत, आणि कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. भांडणाचा व्हिडिओ असेल तर तो ग्रुपवर टाकायच्या आधी वकिलाला दाखवा. बायका-मुलींचे चेहरे कधीच नाहीत. आणि ज्याच्याविरुद्ध बोलतोय त्याला एकदा विचारा, भाऊ, तुमचं म्हणणं काय? यानं निम्मी भांडणं बातमी व्हायच्या आधीच मिटतात, असा माझा अनुभव आहे.

हापशाचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. मी वडिलांवर जोर केला नाही. मुलीचं नाव काढून अर्ज माझ्या नावानं दिला, खाली गल्लीतल्या नऊ बायकांच्या सह्या घेतल्या. त्यात चार आपल्या, पाच शेजारच्या. पाणी सगळ्यांनाच लागतं. दांडी सहाव्या दिवशी बसली. ज्या माणसानं बसवली त्यानं हसत विचारलं, "सर, १४ बायका कोणी मोजल्या हो?" मी म्हटलं, आहे एक. मागच्या आठवड्यात तिनं वहीत दुसरी बातमी लिहिलीय, रेशन दुकान महिन्यात किती दिवस आणि किती वेळ उघडं असतं त्याची. २२ दिवसांच्या नोंदी झाल्यात. या वेळी खाली स्वतःचं नाव लिहिलंय, आणि बाजूला पेन्सिलीनं, 'अब्बूंना विचारून सांगते.'